चौथी रेकॉर्ड आल्याशिवाय पाचवी नाही

त्या गायकाच्या रेकॉर्डी ऐकायच्या तर सुरुवात कुठून करायची, असं मला कुणी विचारलं की माझं डोकं तडकतं. आमच्या सीवूड्सच्या सोसायटीतल्या पोरांना कुठून तरी कळलंय की तिसऱ्या मजल्यावरच्या या म्हातारीच्या भावाकडे त्या परदेशी रॉक अँड रोलवाल्याच्या पेटीभर रेकॉर्डी होत्या. लिफ्टमध्ये गाठतात मला. "आजी, त्याचे अल्बम इतके आहेत ना, टेन्शनच येतं. पहिला कुठला लावू?" मी सांगते, बाबा रे, हाताला येईल तो लाव आणि मला जाऊ दे. पोरं हसतात. त्यांना वाटतं, म्हातारी खडूस आहे. आहेच मी खडूस. पण त्यात निम्मा वाटा त्या गायकाचा आणि माझ्या दादाचा आहे, हे त्यांना काय माहीत!

हाच प्रश्न कुणी दादाला विचारला असता ना, तर विचारणारा त्या दिवशी जेवायला घरी पोचला नसता. दादाकडे उत्तर तयार असायचं आणि ते तीन तासांचं होतं.

तेव्हा आम्ही सानपाड्याच्या बाजूला आमच्या गावातच राहायचो. आता तिथे टॉवर उभे आहेत. तेव्हा मिठागरं, भाताची शेतं आणि खाडी. नवी मुंबई हे नाव कुणाच्या तोंडी नव्हतं, आणि जुनी मुंबई गाठायची तर होडीत बसून खाडी ओलांडायला लागायची. गावात वीज नाही. बाप मिठागरात राबून लवकर गेला. घरात आई, दादा आणि मी. आई धवलारीन होती. आमच्या आगरी लोकांत एक वेळ भट नसला तरी लग्न लागायचं, पण धवलारीन नसली तर मांडवाचं पान हलायचं नाही. प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, त्याला धवला म्हणायचं. मांडवाचा धवला, हळदीचा धवला, तेलवणाचा धवला. आई पुढे गायची आणि मागे दोन बायका ओळ धरायच्या. तीन-तीन दिवस हे चालायचं, आणि त्यात एक ओळ इकडची तिकडे व्हायची नाही.

दादा मुंबईच्या गोदीत माल उतरवायच्या कामाला. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी सकाळच्या होडीने जायचा. गोदीत बोटींवरचे खलाशी काहीबाही विकायचे. लोकांच्या भावांनी त्यातून साबण आणले, घड्याळं आणली, बहिणींना नायलॉनच्या साड्या आणल्या. आमच्या शहाण्याने रेकॉर्डी आणल्या. त्याही सगळ्या एकाच माणसाच्या! कव्हरवर तो गिटार धरून उभा, डोक्यावर केसांचा हा एवढा कोंबडा आणि त्याला खोबरेल तेलाचा अख्खा डबा चोपडलेला. आणि गाणारा तरी किती गावा माणसाने? वर्षाला तीन-तीन, चार-चार रेकॉर्डी. दादा एक आणतोय तोवर त्याच्या दोन पुढे निघालेल्या. "याला बायकापोरं नायत क रं?" असं आईने एकदा विचारलं होतं.

सुरुवातीला शेजारच्या काकांच्या चावीच्या फोनूवर, म्हणजे ग्रामोफोनवर, लावता येतील अशा जाड, जड रेकॉर्डी आल्या. त्या पटापट फुटल्या. पन्नासचं दशक सरून साठचं लागलं तेव्हा दादाने एका खलाशाकडून सेलवर चालणारी, रेकॉर्डी वाजवायची पेटी घेतली. हलकी, निळ्या रंगाची, झाकण उघडलं की आतून नव्या चपलेचा वास यायचा. आणि मग मोठ्या, पातळ रेकॉर्डी यायला लागल्या, एकेकीत दहा-बारा गाणी. त्या ठेवायला त्याने आणखी एक लाकडी पेटी केली. तिथून माझा वैताग सुरू झाला.

कारण दादाने कायदे केले. इंग्रजी त्याला ओ की ठो कळत नव्हतं. सातवी शिकलेला, अक्षरं लावून वाचायचा इतकंच. पण कव्हरच्या मागे बारीक छापलेली यादी आणि आकडे बघून त्याने लावलेला क्रम म्हणजे ब्रह्मवाक्य. पहिली रेकॉर्ड नाचाची, ती आडवं पडून ऐकायची नाही. बसलेलं चालेल, पण भिंतीला टेकायचं नाही. दुसरी पहिलीसारखीच वाटते, पण तशी नाही, आणि ज्याला तो फरक कळला नाही त्याने तिसरीला हात लावू नये. तिसरीत त्या गायकाने आवाज खाली आणलाय. "नवशिक्याला वाटतं तो दमला. दमला नाय. तो जागा करतोय," असं दादा म्हणायचा. कुणासाठी जागा करतोय, ते मला आजतागायत कळलेलं नाही. चौथी देवाची, त्यांच्या चर्चमधल्या गाण्यांची. पाचवीपासून सिनेमातली गाणी सुरू. त्यातली अर्धी भरताड आहेत असं खलाशांनी दादाला सांगितलं होतं, पण ती सोडायची नाहीत. भरताड ऐकल्याशिवाय चांगलं ओळखू कसं येणार? आणि निवडक गाण्यांची रेकॉर्ड कुणी दाखवली की दादाचं तोंड कडू व्हायचं. ताटातले फक्त पापड उचलून खाणाऱ्या लोकांसाठी ती असते म्हणे.

शिवाय एका रविवारी एकच बाजू. दुसरी बाजू पुढच्या रविवारी. मधले सहा दिवस ती बाजू मुरायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. अरे, गाणं आहे की लोणचं? मी तेव्हा सतरा वर्षांची, सकाळी मिठागरात जाऊन आलेली, पायाला मिठाने भेगा पडलेल्या. रविवारी दुपारी घटकाभर पडावं म्हटलं तर हा म्हणणार, भिंतीला टेकू नको! मी मुद्दाम टेकायचे. तो म्हणाला झाडू नको, की मी झाडायला घ्यायचे. तो म्हणाला बोलू नको, की मला नेमका खोकला यायचा. त्याचं एक ऐकेन तर शपथ.

मला वाटलं होतं, आई त्याला झापेल. धवलारीन ती, तिला असलं गाणं कुठलं खपायला? पण पहिल्या रविवारी ती तांदूळ निवडायचं सूप बाजूला ठेवून पेटीपाशी येऊन बसली ती उठलीच नाही. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "याचे मागं धरनारी मानसं बरी हायेत." त्या गायकाच्या मागे चार-पाच जण ओळ धरायचे, ते तिने पहिल्या फटक्यात हेरलं. तिथून दर रविवारी तिचं चालू. तो श्वास कुठे घेतो, ओळ कुठे सोडतो, मागच्यांना कुठे वाट देतो, यावर मायलेकांची चर्चा. शब्द एकालाही कळत नव्हता. आणि दादाच्या क्रमाच्या खुळाला आईचा पूर्ण पाठिंबा. "मांडव घातल्याबिगर हलद लावतान क?" असं मलाच उलटं विचारायची. खरं सांगायचं तर हे खूळ दादाने तिच्याकडूनच उचललं होतं. तिच्या पोटी दुसरं काय निपजणार?

चौथी आली तेव्हा पावसाळा संपला होता. रविवारी दादाने पहिली बाजू लावली. सावकाश, मोठमोठी गाणी, मागे अख्खा घोळका. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही. "यो लगीन लावतंय," एवढंच म्हणाली. बाजू संपता संपता सेल बसले. दादा म्हणाला, येत्या शनिवारी नवे आणतो, तशीही दुसरी बाजू पुढच्याच रविवारी.

सोमवारी तो गेला. मंगळवार, बुधवार आईने कसेबसे काढले. गुरुवारी दुपारी मला म्हणते, "पोरी, ती पालटी बाजू लाव न जराशी." मी म्हटलं, सेल नाहीत. वाशीच्या दुकानातही संपलेत, शनिवारपर्यंत थांब. तर ती हळूच म्हणाली, "माझे कानात खाडी वाजतंय गो. कवा जास्ती, कवा कमी. शनवारपर्यंत कोन जानं."

हे तिने पहिल्यांदा सांगितलं, आणि ते मलाच सांगितलं. मी हादरले. धवलारणीचे कान जाणं म्हणजे काय, ते मला वेगळं सांगायला नको होतं. म्हटलं, मरो ते दादाचे कायदे. रेकॉर्डींच्या पेटीला कुलूप नव्हतंच. चौथी काढली, पदराखाली घेतली आणि आईला घेऊन शेजारच्या काकांकडे गेले. फोनूची चावी भरली, नवी पिन लावली, रेकॉर्ड ठेवली.

आता मला कुणी सांगितलं होतं की त्या पातळ रेकॉर्डी चावीच्या फोनूवर लावायच्या नसतात? रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड, भोक मधोमध, गोल ती गोल. फिरायला लागली ती दुप्पट वेगाने. तो देवाची गाणी गाणारा धिप्पाड माणूस कोंबडीच्या पिल्लासारखा चिवचिवायला लागला, आणि मागची सगळी माणसं पिल्लासारखीच. काका हसून हसून आडवे. आई मात्र हसली नाही. "यो तो नाय," म्हणाली. मला वाटलं, ही बाजूच खराब असेल. म्हणून मी अक्कल चालवून ती उलटी केली आणि रविवारी ऐकलेली बाजूही लावली! काढली तेव्हा पोलादी पिनेने दोन्ही बाजू नांगरल्या होत्या. वर काळा कीस पडला होता. मी तो पदराने पुसला, जसं काही पुसून बरं होणार होतं.

शनिवारी दादा आला. मी लपवलं नाही, दारातच सांगून टाकलं. त्याने रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. मी वाट बघत होते की हा ओरडेल, मारेलही एखादी. काही नाही. कव्हरमध्ये घातली, पेटीत ठेवली आणि म्हणाला, "ठीक आहे. आता चौथी आल्याशिवाय पाचवी नाही."

पाचवी, सहावी आणि सातवी तेव्हा पेटीत होत्या! वरचा पारदर्शक कागदसुद्धा न फाडलेल्या! मी म्हटलं, अरे लाव ना पाचवी, आईला ऐकायचंय. तो म्हणाला, "मधली सोडून कसं जाणार?" मी आईकडे बघितलं, ही तरी बोलेल. ती मान हलवते, "बरोबर हाय त्याचा." कपाळ माझं!

चौथी काही मिळेना. नाचाच्या रेकॉर्डी खलाशी पायलीच्या पन्नास विकायचे, देवाची गाणी कोण कशाला विकत घेतंय आणि कोण विकतंय? दादा प्रत्येक बोटीवर विचारायचा. जुन्या बाजारात शोधायचा. फोर्टातल्या मोठ्या दुकानात जाऊन आला, त्यांनी सांगितलं संपली, परत कधी येईल माहीत नाही. तिकडे तो गायक थांबतोय होय! आठवी आली. नववी आली. पेटी भरत चालली आणि आम्ही दर रविवारी काय ऐकतोय, तर पहिली, दुसरी, तिसरी. पुन्हा पहिली, दुसरी, तिसरी. कुठल्या गाण्यात कुठे खरखर आहे तेही मला पाठ झालं. दादा शेजारपाजारच्यांना बसवून सांगायचा, तिसरीचं शेवटचं गाणं नीट ऐका, इथून तुम्ही चौथीत जाणार. जाणार कुठे, डोंबल!

आणि तिकडे आईचे कान जात होते. हे कुणालाच दिसत नव्हतं, कारण बाई महा हुशार. समोरच्याच्या ओठांकडे बघून उत्तर द्यायची. कुणी पाठीमागून बोललं तर कामात असल्यासारखं करायची. घरात फक्त मला माहीत होतं, कारण मी मागून हाक मारून बघायचे. एकदा तांब्या मुद्दाम आपटला. ती भाकरी थापत राहिली. मी पुढ्यात जाऊन बसले आणि म्हटलं, आये, तुला ऐकू येत नाही. तर म्हणते, "मना सगला आयकू येतंय. तूच बोलतंस पुटपुटल्यावानी." माझा आवाज गावाच्या वेशीपर्यंत जायचा!

मी दादाला सांगितलं. एकदा नाही, दोनदा सांगितलं. आईचे कान चाललेत, क्रमबिम सोड आणि लाव त्या रेकॉर्डी. त्याने आईला विचारलं. आता हा समोर बसून तिच्या तोंडाकडे बघून विचारणार आणि ती ओठ वाचून सांगणार, "कय नाय रं, बरी हाय मी." हा मला म्हणतो, "तुला प्रत्येक गोष्टीची घाई." मी म्हटलं, मागून विचार! तर म्हणतो, आईची परीक्षा घेऊ? ती गप्प, हा ठाम, आणि मध्ये मी एकटी बडबडणारी. दोघांचं एकमेकांवर एवढं प्रेम की खरं बोलायची सोयच नव्हती.

आईला भीती लग्नांची होती. कान गेले कळलं असतं तर कुणी बोलावलं नसतं. गाणं तिला आतून पाठ होतं, त्यामुळे बरेच दिवस निभावलं. मागच्या बायकांचे ओठ थांबले की पुढची ओळ उचलायची, असं तिने बसवून घेतलं होतं. पण एका लग्नात हळदीच्या वेळी बेंडबाजावाले अचानक वाजवत आत शिरले. मागच्या बायका थांबून तिकडे बघायला लागल्या. त्या वेळी नेमकी आईची पाठ त्यांच्याकडे होती आणि डोळे मिटलेले. ती गात राहिली. बेंड मोठ्याने वाजतोय आणि ही आपली एकटी गातेय, सुरात, शांतपणे. पोरी खिदळायला लागल्या. मी धावत जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने डोळे उघडून सगळ्यांची तोंडं बघितली आणि तिला कळलं. त्यानंतर बोलावणी कमी झाली. लोक वाईट नव्हते, "आता वय झालं तुमचं, आराम करा" असं म्हणायचे. दादाला तिने सांगितलं की आपणच कमी केलं, दम लागतो. तोही तेच धरून बसला.

तिला रिकामा वेळ मिळायला लागला तशी ती पेटीपाशी जाऊन बसायची. कव्हरं बाहेर काढून क्रमाने मांडायची. तिसरीनंतर एका रेकॉर्डीएवढी जागा सोडायची आणि मग पाचवी ठेवायची. पाचवीच्या कव्हरवर तो समुद्रकिनारी हसत उभा आहे, तिच्याकडे बराच वेळ बघायची. मला म्हणायची, "यात कसा गातंय कोन जानं." एवढं बोलायची आणि परत सगळं पेटीत भरून ठेवायची. मी तोंडाने तणतणायचे, की बघतेस काय नुसती, ऐकायची होती तेव्हा बरोबर हाय, बरोबर हाय करत होतीस. तिला ते ऐकू जायचं नाही म्हणून आणखी तणतणायचे.

दोन वर्षं अशी गेली. दोन पुरी, वर पावसाळा एक. उलव्याला माझं लग्न ठरलं होतं. आणि एका शनिवारी दादा होडीतून उतरला तो बांधावरून पळतच आला. एका बोटीवरचा म्हातारा स्वैपाकी निवृत्त होऊन घरी चालला होता, त्याच्या सामानात चौथी मिळाली. कव्हर तेलकट, कोपरे खाल्लेले, पण रेकॉर्ड स्वच्छ. दादाला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्याने आईला रेकॉर्ड दाखवली. तिने ती दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याने नवे सेल घातले. "एका दिवशी एकच बाजू हा कायदा आज नाही," असं जाहीर केलं, मोठा उदार होऊन. आज सगळ्या, चौथीपासून पुढे, क्रमाने. आई पेटीला खेटून बसली आणि तिने पेटीच्या कडेवर तळवा ठेवला. पेटीला हात लावायचा नाही, हाही त्याचा कायदाच होता. पण आज त्याने तोही सोडला. मी दाराशी उभी.

पहिली बाजू सुरू झाली. आई डोळे मिटून डुलत होती. दादा तिच्याकडे बघून हसत होता, माझ्याकडे बघत होता, बघ कशी ऐकतेय. गाणी एकामागून एक झाली. शेवटचं संपलं. पिन आतल्या रेघेत जाऊन खर्र खर्र करायला लागली. आई डुलतच होती. दादाने पिन उचलली, रेकॉर्ड थांबवली. आई डुलतच होती, मागचे लोक ओळ धरतात तिथे मान कलती करून. दादाचं हसू तसंच राहिलं तोंडावर, काढायचं विसरल्यासारखं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली.

आईने डोळे उघडले. "थांबलास कनाला? पालटी कर न," म्हणाली.

त्याने उलटी केली. जी बाजू ऐकायला आम्ही दोघी त्या गुरुवारी काकांकडे गेलो होतो, ती बाजू. मग पाचवीचा कागद फाडला. मग सहावीचा. एकामागून एक लावत गेला. बाजू संपली की तो आईच्या गुडघ्याला हात लावायचा, ती डोळे उघडायची, तो रेकॉर्ड पालटायचा. मला ओरडायचं होतं, की बंद करा हे, काय चाललंय! पण ती इतकी खुशीत बसली होती की मी दाराची चौकट धरून उभी राहिले. आठवीच्या मध्यावर सेल बसायला लागले. त्या गायकाचा आवाज जड होत गेला, लांबत गेला, रेड्यासारखा हंबरायला लागला आणि शेवटी थांबला. नववी राहिली. दिवेलागण झाली होती.

"झाल्या सगल्या?" आईने दादाच्या तोंडाकडे बघून विचारलं. त्याने हो म्हणून मान हलवली.

"बरा गायला," ती म्हणाली. "दमला नाय." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली आणि देवापाशी दिवा लावायला आत गेली.

ती आत गेल्याबरोबर माझा बांध फुटला. दोन वर्षांचं सगळं बाहेर आलं. सांगत होते ना मी? दोनदा सांगितलं ना? दोन वर्षांपूर्वी तिला ऐकू येत होतं. सगळं ऐकलं असतं तिने, पाचवी, सहावी, समुद्रकिनाऱ्याची ती सगळी गाणी, बसून, कान भरून. तुझ्या क्रमाने खाल्लं सगळं. चौथी आल्याशिवाय पाचवी नाही! घाल आता ती चौथी चुलीत!

दादा रेकॉर्डी कव्हरात घालत होता. एक रेकॉर्ड कव्हरात जाता जाईना.

"मी सोमवार ते शनिवार इथं नसायचो," तो म्हणाला. "पेटीला कुलूप नव्हतं. वाशीला सेल मिळत होते. तू लावायच्या होत्यास."

"मी? तूच म्हणालास ना, चौथीशिवाय पाचवी नाही म्हणून!"

"मी म्हणालो," दादा म्हणाला. त्याने मान वर केली तेव्हा तो रडत होता. "पण तू माझं कधी ऐकलंस गं? आयुष्यात एकदा तरी ऐकलंस?"